बीट खायची रीत

बालवाडीच्या ताईंना बीट आवडत नव्हतं. नुसतं आवडत नव्हतं असं नाही, उकडलेल्या बिटाचा वास आला तरी त्या नाकाला पदर लावायच्या. आता मोठ्या माणसाला एखादी भाजी नाही आवडत, त्यात काय एवढं? पण ताईंनी स्वतःच नियम करून ठेवला होता: मुलांच्या ताटलीत जे, तेच ताईंच्या ताटलीत, आणि पहिला घास ताईंचा. मुलं सांगून शिकत नाहीत, बघून शिकतात, असं त्या येता-जाता सगळ्यांना ऐकवायच्या. घ्या, ऐकवा आणखी!

भाजीचं टेबल ही ताईंचीच कल्पना. दर आठवड्याला मुलांनी कधी न चाखलेली एक भाजी घ्यायची, उकडून तिच्या पातळ फोडी करायच्या आणि मधल्या सुट्टीत मांडायच्या. जबरदस्ती नाही, आमिष नाही, बागुलबुवाची भीती तर मुळीच नाही. मुळा झाला, भोपळा झाला, फ्लॉवर झाला. आधी सगळ्यांनी नाकं मुरडली, मग ताई मिटक्या मारत खातायत म्हटल्यावर एकेक हात पुढे आला. ताई नुसत्या हवेत होत्या.

एक मूल मात्र बधलं नव्हतं. मुंगी. हे तिचं घरचं लाडाचं नाव, आणि चणही तेवढीच. दूध आणि कोरडा पाव सोडून ती कशाला तोंड लावायची नाही. टेबलाशी यायची, हाताची घडी घालून बसायची, सगळ्यांची तोंडं न्याहाळायची आणि तशीच उठून जायची. शेवटी तिची आई मोठ्या बाईंकडे, म्हणजे मुख्याध्यापिकेकडे गेली. ‘‘माझी पोर उपाशी घरी येते. तुमचे प्रयोग तुमच्यापाशी ठेवा!’’ आणखी काही आयांनी तिची री ओढली. मोठ्या बाई भांडकुदळ नव्हत्या, पण रोजची कटकट कुणाला हवी असते? त्यांनी ताईंना बोलावून सांगितलं, ‘‘शुक्रवारी पालकांना बघू दे. पटलं तर टेबल राहील. नाहीतर पुन्हा बिस्किटं.’’

बिस्किटं म्हटल्यावर ताईंच्या काळजात चर्र झालं. इतकी मेहनत, ती काय बिस्किटांसाठी?

आणि नेमकं त्याच आठवड्यात स्वयंपाकाच्या मावशींनी बीट आणलं. ताजं, स्वस्त आणि पोतंभर.

सोमवारी टेबलाशी बसल्यावर ताईंनी लांब श्वास घेतला. डोळे गच्च मिटले. फोड तोंडात टाकली, खांदे कानापर्यंत नेले, न चावता गिळली आणि वर घटाघटा पाणी प्यायल्या. ‘‘वा! छान!’’ म्हणाल्या, तेव्हा डोळ्यांत टचकन पाणी आलेलं होतं. ते त्यांनी बाहीनं पुसलं आणि बघतात तर काय, मुलांच्या ताटल्या रिकाम्या! मुंगीची तेवढी भरलेली. ताई मनातल्या मनात नाचल्या. मंगळवारी तेच, बुधवारी तेच. घास घेताना ताईंचे डोळे मिटलेले, नंतर तोंड पाण्याच्या पेल्यात, त्यामुळे मुलं खातात कशी हे त्यांनी पाहिलंच नाही. ताटल्या रिकाम्या म्हणजे मोहीम फत्ते.

शुक्रवारी पालक भिंतीला ओळीनं उभे राहिले. मोठ्या बाई दारापाशी. ताईंनी पहिला घास घेतला, कसाबसा आवरला आणि डोळे उघडले.

आता मुलांची पाळी. मुंगी सोडून सगळ्यांनी मिळून लांब श्वास घेतला. डोळे गच्च मिटले. खांदे कानाला. गटकन गिळलं, घटाघटा पाणी, आणि एका सुरात, ‘‘वा! छान!’’ मग सगळ्यांनी कोरडे डोळे बाहीनं पुसले.

भिंतीशी मुंगीच्या आईचा आवाज चढला. ‘‘हे काय चालवलंय? भाजी आहे की कडू औषध? पोरांना धाक घातलाय तुम्ही!’’

‘‘धाक नाही!’’ ढब्बू नावाचा एक गुबगुबीत गडी भडकून म्हणाला. ताईंना कुणी बोललेलं त्याला खपायचं नाही. ‘‘बीट असंच खातात. आधी डोळे, मग खांदे, मग पाणी. ताई रोज असंच खातात!’’

ताईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ‘हा आमचा खेळ आहे,’ एवढं म्हणून सुटता आलं असतं. शब्द अगदी ओठांवर आले होते. पण समोर सगळी लाल तोंडं त्यांच्याकडे इतक्या विश्वासानं बघत होती, की त्यांची जीभच रेटेना.

‘‘मला बीट आवडत नाही,’’ ताई म्हणाल्या. ‘‘अजिबात नाही. मी आवडल्याचं सोंग केलं.’’

मुलं थक्क झाली. मोठ्या माणसाला न आवडणं असतं, हेच त्यांना नवीन होतं.

‘‘मग खाता कशाला?’’ हा प्रश्न मुंगीचा. या टेबलाशी ती पहिल्यांदाच बोलली.

‘‘बघते, कधीतरी आवडतं का.’’

‘‘आवडलं?’’

‘‘अजून तरी नाही.’’

मुंगीनं विचार केला. ‘‘मला ‘वा छान’ म्हणायचं नाही.’’

‘‘नको म्हणूस गं. कुणी सांगितलं म्हणायला?’’

मुंगीच्या हाताची घडी सुटली. तिनं सगळ्यांत बारकी फोड उचलली आणि डोळे टक्क उघडे ठेवून सावकाश चावली. तिच्या आईनं तोंडावर हात दाबून धरला होता.

‘‘घाण लागतं,’’ मुंगीनं जाहीर केलं. मग दुसरी फोड उचलली, खुर्चीवरून उतरली आणि भिंतीपाशी जाऊन आईपुढे धरली. ‘‘तू पण खा. नाही आवडलं तरी चालतं इथे.’’

आईनं खाल्लं. तिचा असा काही चेहरा झाला, की आधी ढब्बू फिदीफिदी हसला, मग सगळी खोली. आईही हसली आणि हसता हसता तिला रडूच आलं. मुंगीला तिनं उचलून घट्ट धरलं.

मोठ्या बाईंनी ताईंकडे बघून मान हलवली. मग दारातूनच विचारलं, ‘‘पुढच्या आठवड्यात कुठली भाजी?’’

‘‘बीटच ठेवू या,’’ ताई म्हणाल्या. ‘‘माझं अजून जमायचंय.’’