पुढचा पुठ्ठा

मधुकर मास्तरांच्या वर्गात मुली खचाखच भरलेल्या. बीजगणिताची शाब्दिक उदाहरणं एकेकीला समजावायला सवड कुठली? म्हणून त्यांनी प्रश्नांच्या पुठ्ठ्यांची एक पेटी केली. भैरवगढच्या रंगाऱ्याकडून पुठ्ठे रंगवून आणले. प्रत्येक पुठ्ठ्यावर एक प्रश्न: विचारलंय काय? क्ष कशाला मानशील? मागच्या बाजूला उत्तर. जमलं तर पुढचा निळा पुठ्ठा काढायचा, चुकलं तर लाल; लालवर चूक समजावलेली. मास्तर झोपले तरी पेटी शिकवायची. गावात वाहवा झाली आणि मास्तर फुगले.

दुर्गा त्या पेटीवर सगळ्यांत पुढे. "सर, पेटीशिवाय मला काही सुचतच नाही," ती हसून म्हणायची. मास्तरांना ही स्तुती वाटायची.

तिचे वडील विनायकराव सरकारी कारकून. नवा मध्य प्रदेश झाला, राजधानी भोपाळला, म्हणून त्यांचीही बदली तिकडेच. नकाशे जोडणाऱ्यांना कुणाच्या पोरीशी काय देणंघेणं!

"मॅट्रिक पास झाली तर इथंच माझ्या अक्काकडे राहून कॉलेज करेल," विनायकराव म्हणाले. "नापास झाली तर लग्न उरकूनच भोपाळ गाठू. बस, और क्या!"

"अहो, पास काय घेऊन बसलात! पहिली येईल," मास्तर म्हणाले.

गणिताच्या पेपराला पहाऱ्यावर मास्तरच होते. दुर्गानं उदाहरण वाचलं. दोन नळ, एक हौद. 'क्ष मानू' लिहिलं आणि थांबली. डावा हात बाकावर सरकला, चाचपडला, रिकामा परत आला. पुन्हा सरकला. मास्तरांना उमगलं, हात पुठ्ठा शोधत होता. पोरीला समीकरण येत होतं. स्वतःला प्रश्न विचारणं येत नव्हतं. ते काम त्यांनीच पुठ्ठ्यांना देऊन टाकलं होतं.

बाकाजवळून जाताना "विचारलंय काय?" एवढं पुटपुटले असते तरी तिची गाडी पुढे सरकली असती. ते तोंड मिटून पुढे गेले, परत येतानाही तसेच. याला लोक इमानदारी म्हणतात. तिचं खरं नाव नोकरीची भीती.

दुर्गा गणितात नापास झाली. विनायकरावांनी शब्द पाळला.

मांडवात ती मास्तरांच्या पाया पडली.

"सर, पेपरात मी वाट बघत होते."

"कशाची गं?"

"तुम्ही दोनदा जवळून गेलात ना."

मागून कुणीतरी ओरडलं, "मास्तर, चलो, पंगत बसली!" मास्तर बसले. पानात जिलेबी पडली, वर साजूक तूप पडलं. वाढणारा आग्रह करत राहिला, आणि मास्तरांना साधं 'पुरे' म्हणता येईना.