पुलावरचं मिनिट

“उठा, मावशी. दोनच मिनिटं,” चेकर म्हणाला.

मावशी उठल्या नाहीत. खिडकीशी बसून नदीकडे बघत राहिल्या. राष्ट्रदिनाचा भोंगा सुरू झाला होता, पुलावरची सगळी वाहनं जागच्या जागी थांबली होती आणि बसमधले लोक सीटच्या दांड्या धरून उभे होते. बसून होत्या त्या फक्त इस्पितळाच्या धोबीखान्यात काम करणाऱ्या या मावशी.

पुढे ड्रायव्हर टोपी हातात घेऊन उभा होता. त्याने मान वळवून मागे पाहिलं.

खरं तर हे थांबणं त्याचंच. थोरला भाऊ सीमेवर मारला गेला, त्या वर्षी राष्ट्रदिनी त्याने पुलाच्या मध्यावर बस थांबवली, खाली उतरला, टोपी काढून कठड्याशी मिनिटभर उभा राहिला आणि परत येऊन गियर टाकला. कोणी विचारलंच तर म्हणाला, “इंजिन तापलं होतं.” पुढच्या वर्षी त्याच दिवशी, त्याच जागी इंजिन पुन्हा तापलं! डेपोत त्याचं नाव पडलं थांब्या. हळूहळू प्रवाशांनाही कळलं. ज्याला वाटे तो उभा राही. ज्याला वाटत नसे तो डबा उघडून खाई, एखादा चक्क घोरत असे. मावशी दर वर्षी अशाच नदीकडे बघत बसायच्या. त्याने त्यांना कधी कारण विचारलं नाही, त्यांनीही त्याला विचारलं नाही. एवढ्यावर दोघांचं छान चाललं होतं.

यंदा वरून हुकूम आला. भोंगा वाजताच सगळ्यांनी थांबायचं, सगळ्यांनी उभं राहायचं. जो बसून राहील त्याचं नाव पोलिसांकडे जाईल. त्यासाठी प्रत्येक बसवर एक चेकर.

हा चेकर तर सकाळी खुशीतच चढला होता. “दादा, ओळखलंत? कॉलेजात तुमच्याच बसने जायचो. तुम्हाला कठड्याशी उभं बघून अंगावर काटा यायचा. मीच वर कळवलं, की एका माणसाला हे सुचतं, तर सगळ्या देशाने का करू नये? साहेबांना पटलं.”

“बरं,” ड्रायव्हर म्हणाला होता. मनातून त्याला बरंही वाटलं होतं, ते लपवण्यात काय अर्थ? भावासाठी अख्खं शहर थांबणार, ही काय लहान गोष्ट झाली!

“मावशी, ऐकताय ना?” चेकर अजून सबुरीने बोलत होता. “देशासाठी ज्यांनी जीव दिला, त्यांच्यासाठी दोन मिनिटं जड झाली का?”

“माझ्या पोराचाही गेला,” मावशी मान न वळवता म्हणाल्या. “शाळेच्या संचलनात. आजच्याच दिवशी. सकाळपासून उन्हात उभं केलं होतं. पडला. राष्ट्रगीत चालू होतं ना, संपेपर्यंत कोणी हललं नाही. मीही नाही हलले. आईच होते मी, पण उभी राहिले. ताठ.”

कंडक्टरबाईंनी तोंडाला पदर लावला. चेकरचा चेहरा उतरला. तो काही राक्षस नव्हता. “वाईट झालं, मावशी. पण आज तुम्हाला सूट दिली तर उद्या प्रत्येकाकडे काहीतरी कारण निघेल. मग देश म्हणून राहतं काय? उठा. नाहीतर नाव द्यावं लागेल मला.”

“दे बाबा.”

ड्रायव्हर पुढून निघाला, उभ्या माणसांतून वाट काढत मागे आला, टोपी डोक्यावर घातली आणि मावशींच्या शेजारी बसला.

“दादा, तुम्ही?” चेकर कळवळून म्हणाला. “अहो, तुमचा सख्खा भाऊ...”

“माझा भाऊ आहे, म्हणून मी उभा राहायचो. कोणी सांगितलं नव्हतं. आता माझंही नाव दे.”

भोंगा थांबला. बाकीचे समोर बघत उभेच होते. मागच्या गाड्यांचे हॉर्न वाजू लागले, तेव्हा तो उठला आणि त्याने बस सुरू केली. इस्पितळापाशी उतरताना मावशींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

मावशींना चौकीत दिवसभर बसवून समज दिली. ड्रायव्हरच्या हातून स्टिअरिंग गेलं आणि बस धुण्याचा पाइप आला. वर्ष सरलं, पुन्हा राष्ट्रदिन येऊन गेला.

“काय हो थांब्या,” एक दिवस जेवताना कंडक्टरबाईंनी विचारलं, “या वेळी भोंग्याला उभे राहिलात म्हणे?”

“राहिलो. घरदार आहे, बाई. सगळ्यांबरोबर रांगेत राहिलो.” तो बराच वेळ घास घोळवत होता. “पण भाऊ आठवेना. शेजारच्याचे बूट तेवढे दिसत होते.”

त्याच आठवड्यात एका साध्यासुध्या संध्याकाळी, ड्यूटी संपल्यावर, तो चालत पुलावर गेला. मध्यावर कठड्याशी उभा राहिला. टोपी काढली. भावाचा चेहरा यायला वेळ लागला. आधी नुसते कान आले, मग ते वेंधळं हसू.

मागे शिट्टी वाजली.

“ओ काका,” पोलीस म्हणाला, “पुलावर उगाच उभं राहायला मनाई आहे. चला, पुढे चला.”

“चाललो,” तो म्हणाला आणि टोपी हातातच धरून चालू लागला.