हॉलचं पॉलिश

अमेरिकेत, इंडियाना राज्यातल्या त्या गावात शाळेचा बास्केटबॉल हॉल म्हणजे देवघर. काळ्या तळव्याचे बूट आत चालत नाहीत, मग खुर्च्या तर लांबच राहिल्या. मे महिन्यात कॉलेजचं क्रेडिट शाळेतच मिळवून देणाऱ्या परीक्षा आल्या, तेव्हा हॉलच्या लाकडी जमिनीला नुकतंच पॉलिश झालं होतं. मुख्याध्यापक हॅस्केल यांनी मुलांना खुशाल कँटीनमध्ये बसवलं, गोल टेबलांभोवती, समोरासमोर.

नियम असा की सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला हवीत. मुलांना हे कोणी सांगितलं नव्हतं, हॅस्केलना मात्र लेखी कळवलेलं होतं. परीक्षा मंडळाला पत्ता लागला आणि अख्ख्या शाळेचे पेपर रद्द झाले. गुन्हा हॅस्केलचा, शिक्षा पोरांना!

लेटी क्राउसच्या अंगाची लाही लाही झाली. तिची शिष्यवृत्ती तीनच वर्षांची. रसायनशास्त्राचं क्रेडिट आत्ता मिळालं तरच चार वर्षांचं नर्सिंग तीन वर्षांत उरकणार होतं. पेपर झकास गेला होता. आइस्क्रीमच्या दुकानातलं काम संपवून, डोळे चोळत केलेला वर्षभराचा अभ्यास या माणसाने मातीत घातला, आणि वर तोच तिला समजावत होता.

"शुक्रवारी पुन्हा आहे ना गं परीक्षा. एवढं काय मनाला लावून घेतेस?"

"या वेळी कुठे बसवताय, सर?"

"शाळेच्या बस ठेवतात त्या शेडमध्ये."

"आणि हॉल?"

"अगं, पॉलिश जपायला हवं. कोच माझा जीव घेतील."

"आमचं वर्ष गेलं तर तुमचा जीव कोणी घेत नाही, म्हणून जमतं हे."

हॅस्केल हसले. त्यांना तो विनोद वाटला.

शुक्रवारी शेडमध्ये डिझेलचा वास कोंडला होता. लेटीने दारातूनच पाहिलं आणि माघारी फिरली. वर्गातली लिहायची फळी जोडलेली लोखंडी खुर्ची तिने धरली आणि थेट हॉलमध्ये नेली. उचलता येत होती, तरी ओढत नेली. बरोबर मध्यावरच्या वर्तुळात ठेवून बसली. आवाज ऐकून बाकीची पोरंही खुर्च्या ओढत निघाली.

हॅस्केल धावत आले आणि दारात थांबले. आधी त्यांनी बूट काढले.

"लेटी, केवढा ओरखडा पाडलास बघ!"

लेटीने पेन्सिल काढून फळीवर ठेवली.

"तोंड बरोबर दिशेला आहे ना, सर? मग पेपर आणा."