सुविधा मॅडमचा हातगुण

निपाणीच्या त्या कॉलेजात भौतिकशास्त्र विभागाचा संगणक अडला, की वर्षानुवर्षे एकच हाक येई: पारमिता मॅडम. यंदा चिकोडीहून सुविधा नव्याने शिकवायला आली आणि हाक बदलली.

विभागातला डेस्कटॉप जुना. त्यावरची लिनक्स ही संगणकप्रणालीही जुनी, पारमितानेच हौसेने घातलेली. रोज सकाळी तो वायफाय नाकारी. पासवर्ड बरोबर, सिग्नल भरपूर, तरी जोडणी होत नसे. ड्रायव्हर बदलून, सेटिंग पुसून पुन्हा भरून पारमिता थकली. सुविधा मात्र आपला मोबाइल केबलने संगणकाला लावी, चहा संपेपर्यंत थांबे आणि केबल काढी. वायफाय लागलेले असे. का, ते तिलाही ठाऊक नव्हते, आणि त्याचे तिला काही वाटतही नव्हते.

"हातगुण लागतो, मॅडम," शिपाई मष्णू पारमिताला ऐकवी. "तुमी लई शिकलाय, पर मशीन त्यास्नीच वळखतंय."

विभागप्रमुख भीमरत्न सर हसत, आणि पारमिताचा डबा कडू होई. वर्गात तिने 'हातगुण' हा शब्द कधी खपवून घेतला नव्हता. आता तो तिच्याच टेबलाशी बसून चहा पीत होता.

एका शनिवारी दुपारी सगळे गेल्यावर तिने छडा लावला. वायफाय जोडण्याआधी कॉलेजचा सर्व्हर ओळख म्हणून आपले डिजिटल प्रमाणपत्र दाखवी आणि संगणक त्याची मुदत तपासी. पण संगणक बंद असताना त्याचे घड्याळ चालू ठेवणारा नाण्याएवढा सेल मेला होता. मष्णूने संध्याकाळी मेन स्विच पाडला, की संगणकाची तारीख कित्येक वर्षे मागे जाई, आणि सकाळी आजचे प्रमाणपत्र त्याच्या लेखी अजून सुरूच झालेले नसे. सुविधाच्या मोबाइलमधून इंटरनेट येई, त्यातून खरी तारीख-वेळ येई. एवढाच तो हातगुण.

तिने नवा सेल बसवला. सोमवारी वायफाय निमूट लागले.

"मुरला बघा मॅडमचा हातगुण मशीनमधी," मष्णू म्हणाला. आपण काहीच केले नाही, असे सुविधाने सांगितले. सरांना तो विनय वाटला.

पारमिताने विचार केला: नुसते सांगून कोण मानणार? कारण परत आणले की दोषही परत आला पाहिजे, तोच पुरावा. संध्याकाळी तिने मेलेला सेल पुन्हा घातला. सकाळी सर्वांदेखत तारीख दाखवायची, मग नवा सेल बसवायचा.

मंगळवारी वायफाय अडले, तिच्या अपेक्षेप्रमाणे. स्क्रूड्रायव्हर आणि नवा सेल घेऊन ती उठली. "सर, जरा सगळ्यांनी इकडं बघा."

सरांना विद्यार्थ्यांचे गुण तातडीने विद्यापीठाला पाठवायचे होते. "नंतर बघू, मॅडम," म्हणत त्यांनी दाराकडे वळून हाक मारली. "सुविधा मॅडम, मोबाइल आणा."

केबल लागली. वायफाय लागले. मष्णूने पारमिताच्या हातातला स्क्रूड्रायव्हर पाहिला.

"खोलू नगासा, मॅडम," तो समजुतीने म्हणाला. "बसलेली घडी मोडतीय."

नवा सेल घातला तर सुविधाचा हातगुण मुरलेला. न घातला तर तो रोज सकाळी चालूच. पारमिता खुर्चीत बसली. सेल तिच्या मुठीत गरम झाला होता.