लांडग्याचा अधिवास

ग्रामपंचायतीच्या फळ्यावर ती नोटीस लागली तेव्हाच माझं डोकं फिरलं. 'गायरानातील वन्यजीव अधिवास व स्थानिक वनस्पती यांचे नकाशांकन.' अधिवास हा शब्द मला चांगला ठाऊक होता. आमच्या पोराच्या, सत्यजीतच्या, कॉलेजसाठी अधिवासाचा दाखला काढायला मी शिरूरला चार हेलपाटे घातले होते. रेशनकार्ड आणा, शाळेचा दाखला आणा, उद्या या, साहेब मीटिंगला गेलेत. आणि इथं लांडग्याला सरकार अधिवास घरपोच देणार.

पारावर मी तेच सांगितलं. "एकदा का लांडग्याला अधिवास लागला, की गायरान त्याच्या नावावर झालं समजा. मंग आपल्या शेळ्या तिथं घुसखोर." लोक हसले, मग हळूहळू माना डोलवायला लागले.

आमची वाडी न्हावऱ्याच्या पलीकडे. चहूकडे ऊस, मधे गायरानाचा माळ. माझ्या बायकोच्या, अनसाबाईच्या, नऊ शेळ्या त्या माळावर जगतात. उसाच्या बांधावर शेळी दिसली तर भाऊबंद कोर्टात जातील, असे आमचे संबंध. माळ गेला म्हणजे शेळ्या गेल्या.

नकाशा करायला आलेली मुलगी स्नेहल. दौंडच्या रेल्वे कॉलनीतली, कुठल्याशा संस्थेत कामाला, स्कूटीवर यायची. लोखंडी चौकट गवतात टाकायची आणि चौकटीत आलेली काडी न् काडी मोजून मोबाईलमध्ये भरायची. शिकल्यासवरल्या माणसानं गवत मोजावं याचाच मला राग. त्याहून राग याचा, की अनसा तिच्याबरोबर हिंडायला लागली. हे मारवेल, हा पवन्या, हे कुसळ, कुसळ वाळलं की शेळी तोंड लावत नाही. ती सांगायची, मुलगी लिहायची. माझ्याशी तीस वर्षांत अनसा एवढं बोलली नसेल.

एक दिवस मीच माळावर गेलो.

"कुणाला इचारून मोजताय?"

"पंचायतीचं पत्र आहे, मामा. इथं लांडग्यांची जोडी आहे, चिंकारा आहे. ते राहतात ती जागा नकाशावर दाखवायची."

"म्हंजी त्यांच्या नावावर करायची."

"नाही हो. अधिवास म्हणजे नुसती राहायची जागा. गवत कुठलं, जनावर कुठलं, शेळ्या किती चरतात, सगळंच नोंदवतेय मी."

"दाखला देताना आमालाबी असंच गोड बोलत्यात," मी म्हणालो, आणि तिची चौकट उचलून रस्त्याकडे भिरकावली.

तिनं चौकट उचलून आणली आणि होती त्याच जागी परत ठेवली. मला शिव्या दिल्या असत्या तर एवढं लागलं नसतं.

घरी अनसा म्हणाली, "ती पोरगी खोटं बोलत न्हाई. आपल्या शेळ्याबी लिवून घेतल्यात तिनं."

"तेच तर. उद्या दंड लावायला बरं."

"तुमाला सगळंच वाकडं दिसतं," ती म्हणाली आणि ताट ठेवून निघून गेली.

जानेवारीत भर दुपारी मी आणि पप्पूनं माळाला काडी लावली. पप्पू माझा पुतण्या, दोन लेकरांचा बाप, पण डोकं माझ्यासारखंच. गवतच नाही म्हटल्यावर मोजणार काय, असा आमचा विचार. वाळलेलं गवत, वारा पाठीशी, तासाभरात सगळा माळ काळा झाला. टिटव्या डोक्यावर ओरडत फिरत होत्या. लांडग्यांचं काय झालं ते बघायला आम्ही थांबलो नाही. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. अनसानं मात्र शेळ्यांना विकतचा कडबा टाकला आणि माझ्याशी बोलणं बंद केलं.

दोन दिवसांनी स्नेहल आली. राखेतून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली.

"पाऊस पडला की उगवंल की," पप्पू म्हणाला.

"उगवेल. पण नकाशा मार्चअखेर द्यायचाय. मला आता इथं रिकामं दाखवावं लागेल." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "रिकाम्या जागेवर लोकांची नजर जाते, मामा."

"तुमची गेली तेवढी पुरे."

ती गेली, परत आली नाही. पारावर माझा मान वाढला.

फेब्रुवारीत तलाठी पंचनाम्याला आला. गायरानाची सद्यःस्थिती, एवढंच म्हणाला. पंच म्हणून गावानं पहिलं नाव माझंच घेतलं.

"इथं काय उगवतं?"

"काय बी न्हाई."

"जंगली जनावर?"

"एक न्हाई."

"गुरं-शेळ्या चरतात?"

अनसाच्या शेळ्या माझ्या डोळ्यांपुढं आल्या. पण हो म्हणावं तर दंडाची पावती घरी यायची. लेखणी थांबवून तो माझ्याकडे बघत होता.

"न्हाई," मी म्हणालो, आणि खाली ठसठशीत सही केली.

जूनमध्ये ट्रक आले. सौरऊर्जेचं काम. खांब रोवले, चारी बाजूंनी जाळी मारली, फाटकावर परराज्यातला वॉचमन बसवला. मी तणतणत शिरूर गाठलं. गायरान जनावरांच्या चराईचं, ते कंपनीला दिलंच कसं, म्हणून टेबलावर हात आपटला. कारकुनानं शांतपणे फाईल काढली आणि वाचून दाखवलं. सदर क्षेत्र पडीक असून तेथे गवत वा वन्यप्राणी आढळून येत नाहीत, तसेच चराई होत नाही. "खाली पंच म्हणून सही केलेला सर्जेराव कोण?" त्यानं विचारलं. मी उठलो.

घरी आलो तर अनसा गोठ्यापाशी उभी होती. कितीतरी महिन्यांनी तिनं तोंड उघडलं.

"काय म्हणाले?"

"चराई व्हत न्हाई म्हणत्यात तिथं."

"कुणी सांगितलं त्यास्नी?"

मला खोटं सुचेना. "म्या," मी म्हणालो.

तिनं एकेक शेळी सोडून आणली आणि नऊच्या नऊ दावी माझ्या हातात दिली.

"चारून आणा."

"कुठं?"

"तुमी सही केली तिथं."