इस्त्रीच्या टेबलावरचं इंग्रजी

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. जुना म्हटलं म्हणून लगेच चुकचुकू नका. माझी एक कड उडाली आहे, कॅसेटचं झाकण रबरबँडने बांधलेलं आहे. पण आवाज विचाराल तर अजून खणखणीत!

माझा जन्म एका कारखान्यात झाला. कोणी माझी मोटर बसवली, कोणी बटणं. शेवटी एका बाईंनी कान लावून माझा आवाज ऐकला आणि "हा पास!" म्हणाल्या. तो शेरा मी आजवर मिरवतो. पुढे एका प्रवाशाने मला विकत घेतलं आणि एका छोट्या हॉटेलच्या खोलीत, इंग्रजी गाण्यांच्या कॅसेटींसकट, विसरून गेला. हॉटेलच्या मालकीणबाईंनी त्याची बरीच वाट पाहिली. मग माझी रवानगी मागच्या धुलाईच्या खोलीत झाली.

तिथे दोनच माणसं. मशीनवर चादरी धुणारे काका आणि इस्त्री करणारी ताई. काकांना माझी गाणी मुळीच सोसत नसत. "हा का एवढा गळा काढतोय? याच्या घरी कोणी गेलंय का?" असं ते विचारत. ताईने मात्र मला टेबलाच्या कोपऱ्यावर मानाची जागा दिली.

तिची शिकण्याची तऱ्हाच न्यारी होती. गाण्याची एक ओळ ऐकायची, दोन्ही हात कामात म्हणून कोपराने बटण दाबून मला गप्प करायचं, आणि तीच ओळ म्हणत उशीचा एक अभ्रा इस्त्री करायचा. चादरीला अख्खं कडवं लागे. अडलेल्या शब्दाचा अर्थ ती चहाच्या वेळी मालकीणबाईंना विचारून घेई. शब्द पक्के झाले, पण एक गोची झाली. हात इस्त्रीसारखा सरकल्याशिवाय तिला शब्द आठवेच ना!

पुढे तिचं उजवं मनगट सुजलं. डॉक्टरांनी बजावलं, "इस्त्री बंद. नाहीतर हात कायमचा कामातून जाईल." इस्त्री बंद म्हणजे नोकरीच बंद. ताईच्या तोंडचं पाणी पळालं. त्याच सुमारास काउंटरवरची जागा रिकामी झाली होती. ताईने धीर करून ती मागितली.

"अगं, तिथे परदेशी पाहुणे येतात. बोलशील त्यांच्याशी?" मालकीणबाईंनी विचारलं.

"बोलेन की!"

"मग उद्या दिवसभर बस. जमलं तर जागा तुझी. नाही जमलं तर मात्र माझा नाइलाज आहे, हं."

दुसऱ्या दिवशी तिने मलाही काउंटरखाली नेऊन ठेवलं. पहिलाच पाहुणा तक्रार घेऊन आला. त्याच्या न्हाणीघरात पाणी तुंबलं होतं. ताईला एक अक्षर कळेना. कसं कळणार? माझ्या गाण्यांत चंद्र होता, अश्रू होते, मोडलेलं काळीज होतं. तुंबलेल्या मोरीवर एकाही गायकाने गाणं रचलं नव्हतं! तिचा हात नुसताच काउंटरवरून सरकत राहिला.

"अगं पोरी, काउंटर चुरगळलंय का?" काकांनी दारातून विचारलं.

दुसऱ्याने पावती मागितली, तिथेही गाडी अडली. शेवटी मालकीणबाईंनीच ती लिहून दिली आणि कपाळाला हात लावला. मला फार वाईट वाटलं.

संध्याकाळी एक म्हाताऱ्या परदेशी बाई फोनवर बोलत आत आल्या आणि मटकन सोफ्यावर बसल्या. त्यांची बहीण गेल्याची बातमी आली होती. मालकीणबाई धावल्या. त्यांचं इंग्रजी फर्डं, पण घाबरून त्या तिकिटाचं विचारू लागल्या, खोली सोडणार का म्हणू लागल्या. बाई आणखीच हुंदके देऊ लागल्या.

तेवढ्यात ताई उठली. ती त्यांच्या शेजारी बसली आणि त्यांच्या पाठीवरून हळूहळू हात फिरवू लागली. या टोकापासून त्या टोकापर्यंत. आणि शब्द आले! "आय अ‍ॅम हिअर," ती म्हणाली. "यू आर नॉट अलोन. क्राय, क्राय. आय विल स्टे."

बाईंनी तिचा हात घट्ट धरला. सुजलेलाच हात होता, पण ताईने तो सोडवून घेतला नाही. बाई बहिणीबद्दल बोलत राहिल्या. घर, आई, लहानपण, निरोप... यातला एकही शब्द ताईला परका नव्हता. मला कॉलर असती तर मी ती ताठ केली असती!

बाई शांत होऊन खोलीत गेल्यावर मालकीणबाई म्हणाल्या, "मोरी, पावती, सगळं मी शिकवीन तुला. हे मात्र मला नसतं शिकवता आलं. उद्यापासून काउंटर तुझं."

त्यानंतर ताईला माझ्यासाठी वेळ उरला नाही. मी कपाटात गेलो, माझी बटणं जाम झाली, अंगावर धूळ साचली. म्हणून मित्रांनो, एकच मागणं आहे. घरात माझ्यासारखं जुनं यंत्र असेल तर ते अधूनमधून चालवा, आणि शिकलेली भाषा चुकतमाकत का होईना, बोला. न चालवलेलं यंत्र आणि न बोललेली भाषा, दोन्ही गंजतात.

माझं म्हणाल, तर काळजी नसावी. काल ताईने मला कपाटातून बाहेर काढलं, फडक्याने कानाकोपरा पुसला आणि सहज एका हाताने उचलून काउंटरवर ठेवलं. उजव्या हाताने.