पहिल्या नंबरचा हंडा

माझा पुतण्या मोहनराव केजच्या कोर्टात वकील आहे. दर रविवारी गावाकडं येतो आणि माझ्या ओट्यावर बसून कायदा सांगतो, कुणी विचारो का न विचारो. मी दुसरी शिकलेली बाई. पण त्याच्या तोंडून इतकी कलमं ऐकली की गल्लीतून कुणी फटफटी जोरात काढली तर मीच ओरडते, "दोनशे एकोणऐंशी लागंल रं!"

त्याची लाडकी गोष्ट म्हणजे दारुड्याच्या बैलगाडीची. परळीच्या रस्त्यावर एकानं पिऊन गाडी अशी पळवली की समोरून येणारा सायकलवाला बाभळीत जाऊन पडला. कोर्टात हा गडी म्हणतो, "साहेब, मी प्यालतो हे खरं, पण बैल शुद्धीत होते आन् गाडी तेच वढत होते." साहेबांनी विचारलं, "कासरा कुणाच्या हातात होता?"

"म्हणजे काकू," मोहन म्हणतो, "बैलगाडीला लायसन लागत न्हाई, पण बेफाम हाकली तर कलम तेच."

"तुझ्या जिभेला तरी लायसन हाय का?" मी म्हणते. "सकाळधरनं नुसती बेफाम चाललीय."

तो हसतो आणि चहा मागतो. असा हा वकील. त्याच्या खटल्यात मी साक्षीदार होईन असं मात्र मला वाटलं नव्हतं.

तो दुष्काळ लई वाईट होता. विहिरी कोरड्या, जनावरं छावणीला. गावाला पाणी यायचं ते आमच्या दूध संस्थेनं लावलेल्या टँकरनं. टँकर वेशीपाशी उभा राहायचा. तिथपासून मागं, पार संस्थेच्या दारापर्यंत, रस्त्याच्या कडेनं हंड्यांची रांग. बाई तिथं उभी नसली तरी चालायचं, तिचा हंडा उभा म्हणजे ती उभी. दुसऱ्याच्या हंड्याला हात लावायची कुणाची छाती नव्हती. बायका हंडा ठेवून घरी कामाला जायच्या आणि पाणी सुटलं की पळत यायच्या.

या रांगेत पहिला हंडा माझा. बाहत्तरच्या दुष्काळात सासूबाईंनी मला पहाटे उठवून ठेवायला लावला, तेव्हापासूनचा हा नेम. हंडा तांब्याचा, माहेरचा, गळ्याखाली माझं नाव कोरलेलं, जानकीबाई. शेजारची छबुबाई चाळीस वर्षं दुसऱ्या नंबरावर होती आणि चाळीस वर्षं जळत होती.

एक दिवस मात्र माझा हंडा शेवटी लागला. का ते सांगते. भाचीचं लग्न होतं आणि मी केसांना कलप लावला. लावला तर लावला, तो वाळायला दोन तास, आणि धुवायला पाणी गेलं पाच तांबे. आदल्याच दिवशी छबुबाईनं तुळशीला तांब्याभर पाणी घातलं म्हणून मी तिला साऱ्या गल्लीसमोर बोलले होते. मग मी काय करणार? डोक्यावर पदर घट्ट ओढला, बायका घरी गेल्या होत्या तेवढ्यात गुपचूप हंडा शेवटी, संस्थेच्या दारापाशी ठेवला आणि घरी आले.

थोड्या वेळानं धाडकन आवाज आला. आम्ही सगळ्या पळत आलो. संस्थेची जीप टँकरला खेटून उभी, तिचा मागचा लाल दिवा फुटलेला. माझा हंडा रांगेतनं घरंगळून रस्त्याच्या मधोमध आडवा, पोटात हातभर पोचा. ज्या त्या बाईनं आपापला हंडा उचलून छातीशी धरला, रांग मोडली.

संस्थेचे चेअरमन आप्पाराव जीपमधून उतरले. "या सुग्रीवनं टँकर मागं घेतला! जीपला ठोकरलं, आन् वैनींचा हंडा चेपला!"

सुग्रीव टँकरचा ड्रायव्हर. गरीब पोरगं. "मावशी, माझा टँकर जागचा हाललाच न्हाई," तो मला म्हणाला. "चेअरमन साहेबच जीप मागं घेत होते, संस्थेच्या दारातनं. मी आरशात बघितलंय. हंड्यावरनं विजेच्या खांबाला धडकले, आन् मग जीप हितं आणून लावली."

आप्पाराव पंधरा दिवसांपासून जीप शिकत होते हे साऱ्या गावाला ठाऊक. त्यांनी जीप मागं घेतली की कोंबड्यासुद्धा झाडावर चढायच्या. पण गावाचं दूध त्यांच्या संस्थेत, टँकर त्यांच्या संस्थेचा. कोण बोलणार?

पोलीस आले. हवालदारानं वही काढली. "बाई, हंडा कितव्या नंबरावर होता?"

आता बघा. टँकर रांगेच्या तोंडाला, जीप निघाली ती रांगेच्या शेवटाला, संस्थेच्या दारातनं. माझा हंडा पहिला असेल तर टँकरनं चेपला, शेवटचा असेल तर जीपनं. एवढा साधा हिशोब माझ्या डोक्यात आला नाही. डोक्यात तेव्हा नुसता कलप होता.

"पहिला," मी म्हणाले. "जानकीबाईचा हंडा पहिलाच असतो."

"आज पहिला माझा होता, साहेब," छबुबाई मधेच म्हणाली.

"तुझा? ह्या जन्मात?" मी अशी ओरडले की हवालदारानं माझंच लिहून घेतलं.

सुग्रीववर गुन्हा लागला. लायसन पोलिसांनी जमा केलं. माझा हंडाही मुद्देमाल म्हणून ठाण्यात गेला, गळ्यात चिठ्ठी बांधून. मला हंड्याचंच जास्त दुःख झालं, खोटं कशाला बोलू?

खटला उभा राहायला वर्ष गेलं. दुसरा उन्हाळा आला, पाऊस आलाच नाही, टँकरवर नवा माणूस आला. सुग्रीवचा वकील मोहन. मी सरकारी साक्षीदार. तारखेच्या आदल्या रविवारी सुग्रीव मोहनला भेटायला आमच्या ओट्यावर आला. मी चहा दिला. कप धरताना त्याचे हात दिसले. उसाच्या पात्यानं कापून कापून काळे पडलेले.

"कोयता धरलास का रं?" मी विचारलं.

"मंग काय करू, मावशी? माझ्या आज्यानं तोडला, बापानं तोडला. म्या लायसन काढलं तवा आईनं आमचा कोयता आढ्याला खोचून ठेवला होता, परत काढायचा न्हाई म्हणून. आता काढला. उद्या शिक्षा झाली तर टँकरवर कोण ठेवतंय मला?"

तो गेला. मी मोहनला म्हणाले, "वकील साहेब, एखाद्या बाईनं पोलिसाला एक सांगितलं आन् कोर्टात दुसरं, तर?"

मोहननं माझ्याकडं बघितलं, मग कप खाली ठेवला. "काकू, तुमी सरकारी साक्षीदार. तुमी काय बोलायचं ते मी सांगणार न्हाई. कायदा तेवढा सांगतो. पोलिसाच्या वहीत काय हाय यापेक्षा शपथेवर काय बोलता त्याला किंमत. खरं बोलायचं, एवढंच."

"न् ती बाई लाजेनं मेली तर?"

"त्याला कलम न्हाई."

केजच्या कोर्टात त्या दिवशी अर्धं गाव आलं होतं. छबुबाई पुढच्याच बाकड्यावर. टेबलावर माझा हंडा, वर्षभराची धूळ खाऊन काळा पडलेला.

सरकारी वकील म्हणाले, "हंडा पहिल्या नंबरावर होता ना?"

"न्हाई," मी म्हणाले. "शेवटच्या. संस्थेच्या दारात."

सरकारी वकिलांनी कागद चाळले. "पण पोलिसांना तुम्ही पहिला सांगितलं!"

"सांगितलं. खोटं सांगितलं."

"ही साक्षीदार फितूर झालीय, साहेब!" ते ओरडले.

"फितूर कोण?" मी म्हणाले. "मी कुणाचं मीठ खाऊन बोलत न्हाई. पहिला हंडा छबुबाईचा होता. ती तिथं बसलीय, विचारा तिला."

न्यायाधीश साहेबांनी चष्मा काढला. "आजी, रोज पहिला असतो म्हणता, मग त्या दिवशी शेवटी कसा?"

मी मोहनकडं बघितलं. तो आपला नख कुरतडत बसला होता, मोठा वकील.

"साहेब, केस काळे केलते. धुवायला पाच तांबे पाणी गेलं. दुष्काळात. लाज वाटली म्हणून मागाहून ठेवला."

मागं कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळं कोर्टच हसलं. साहेबांनी टेबल वाजवलं, पण त्यांच्याही मिशा हलत होत्या. छबुबाई मात्र हसली नाही. तोंडाला पदर लावून माझ्याकडं टक लावून बघत होती, चाळीस वर्षांत पहिल्यांदा बघितल्यासारखी.

मग मोहन उठला. रांगेचं तोंड कुठं, शेवट कुठं, टँकर कुठं, सगळं साहेबांना नीट मांडून दाखवलं. आप्पाराव पिंजऱ्यात आल्यावर त्यानं एकच विचारलं, "तुमचं लायसन कोणत्या महिन्यातलं?" ते निघालं हंडा चेपल्याच्या नंतरच्या महिन्यातलं. आप्पारावांना पाणी प्यावं लागलं. टँकरचंच असणार.

सुग्रीव सुटला. त्याचं लायसन आणि माझा हंडा एकाच दिवशी परत मिळाले. बाहेर आल्यावर तो पाया पडायला वाकला. मी म्हणाले, "पाया पडू नको, आधी घरी जा आन् तो कोयता आढ्याला खोच." मग मोहनला म्हणाले, "न् तू? नख कुरतडत बसलास! कसला रं वकील?"

"काकू, तुमच्यापुढं कुठल्या वकिलाचं चालतंय?"

आठ दिवसांनी टँकरवर परत सुग्रीव आला. मी पहाटे चारला उठून हंडा घेऊन निघाले, तर वेशीपाशी छबुबाई आधीच उभी. तिचा हंडा पहिला.

"या जानकीबाई," ती म्हणाली. "केस वाळले का?"

"वाळले. तुझी तुळस वाळली का?"

ती हसली. हंडा अर्धा हात मागं सरकवला. मी माझा तिथं ठेवला, पहिला, आणि पोचा वळवून संस्थेच्या दाराकडं केला. आप्पाराव रोज सकाळी सातला दार उघडतात. उघडल्याबरोबर समोर दिसला पाहिजे. तांबट म्हणतो, पोचा काढून देतो. मी म्हणते, राहू दे.